पोळ्याच्या दिवशी गेलेली नोकरी

३० ऑगस्ट २०१९, शुक्रवार. पोळा होता, म्हणून डब्यात पुरणपोळी होती. पहिली पाळी सुटायला अर्धा तास असताना सुपरवायझर म्हणाले, "ज्ञानेश्वर, जरा एचआरमध्ये जाऊन या." तिथे आम्ही चौदा जण जमलो. प्रत्येकाच्या नावाचा कागद आधीच टाइप करून ठेवलेला. "मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे." खाली फक्त सहीची जागा मोकळी. आज सही केली तर गणपतीच्या आधी एक महिन्याचा पगार खात्यात, असं मॅडमनी सांगितलं. बोलताना त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. त्यांच्याही नोकरीचं काही खरं नसावं.

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका व्हेंडर कंपनीत, म्हणजे मोठ्या गाडी कंपन्यांना भाग पुरवणाऱ्या कंपनीत, आठ वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. गाड्यांचे पत्र्याचे प्रेस पार्ट तपासायचे. महिन्याला १७,४०० ग्रॉस, म्हणजे कापाकापीच्या आधी. आयटीआय फिटर, वय ३४. घरी आई, बायको आणि दुसरीतली मुलगी. सिडकोतलं घर वडिलांनी घेतलेलं, त्यामुळे भाडं नव्हतं. पुढचे पाच महिने तरलो ते बरंचसं या एका गोष्टीमुळे.

धक्का बसला असं म्हणणार नाही. जुलैपासून वारं कळत होतं. त्या महिन्यात देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा ३१ टक्क्यांनी घसरली होती. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचा नवा नियम, बीएस-६, लागणार, म्हणून गिऱ्हाईक थांबलेलं. फायनान्सवाल्यांनी हात आखडलेला. मोठ्या कंपन्यांनी 'नो प्रॉडक्शन डे' पाळला की आमच्यासारख्या व्हेंडरचं शेड्यूल त्याच दिवशी निम्म्यावर. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, मग एक. ओव्हरटाइम बंद झाला. पाळीत चार वेळा यायचा तो चहा दोन वेळा यायला लागला. माझ्या मते मंदी पहिल्यांदा चहात दिसते.

मी सही केली नाही. शूर वगैरे नाही, "घरी विचारून सांगतो" म्हणालो आणि बाहेर पडलो. चौदातल्या नऊ जणांनी तिथेच केली. त्या संध्याकाळी टीव्हीवर बातमी होती, एप्रिल ते जून तिमाहीत विकासदर पाच टक्क्यांवर आला आणि सरकारी बँकांचं विलीनीकरण होणार. मी मामांना फोन लावला. मामा सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, जुने युनियनवाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "काढायचं तर त्यांना काढू दे. तू कशाला निघतोस?"

या वाक्याची किंमत मला नंतर कळली. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कपातीत काढायचं असेल तर तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागायचा, आणि झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. माझे आठ वर्षांचे १२० दिवस होत होते, म्हणजे ६९,६०० रुपये. 'स्वेच्छेने' लिहून दिलं की त्यातलं काही उरत नाही.

गणपती बसले २ तारखेला. ३ तारखेपासून मी रोज सात वाजता गेटवर जायचो. वॉचमन आत सोडायचा नाही. मी गेटवरचा फोटो काढायचो, तारीख-वेळेसह. हे मामांनीच सांगितलेलं. ५ सप्टेंबरला रजिस्टर एडीनं पत्र पाठवलं की मी कामाला हजर आहे, मला आत घेतलं जात नाही. पोस्टाची पावती अजून पाकिटात आहे. ९ तारखेला आतून बोलावणं आलं आणि पत्र हातात पडलं: ऑर्डर कमी झाल्यामुळे ३० ऑगस्टपासून सेवा समाप्त. सोबत नोटिशीच्या महिन्याचे पैसे, १७,४००. भरपाईबद्दल अक्षर नाही. पण कारण पांढऱ्यावर काळं झालं होतं. ते पत्र घेऊन आनंदानं घरी आलेला मी एकटाच माणूस असेन. बायको म्हणाली, "काढल्याचे पेढे वाटायचेत का आता?"

घरात आईचं वेगळंच चाललं होतं. मी दिवसा घरात दिसायला लागलो, तर ती शेजारी सांगत सुटली, "त्याला नाइट लागलीय." एक थाप निभवायला दहा लागतात. समोरच्या काकू रात्री दहाला विचारायच्या, "अजून गेला नाही का?" मग मी खरंच दोन-तीनदा रात्री गाडी काढून पाथर्डी फाट्यापर्यंत चक्कर मारून आलो. शेवटी एका रविवारी मीच काकूंना सांगून टाकलं. त्यांच्या भाच्यालाही ऑगस्टमध्येच बसवलं होतं. गल्लीत असे चौघं निघाले, सगळे 'नाइट'वाले.

सप्टेंबर गेला गेट फिरण्यात. बायोडाटाच्या पन्नास झेरॉक्स काढल्या. गरवारे पॉइंटपासून सुरू करून अंबड, मग सातपूर. वॉचमनच्या टेबलाखाली एक खोका असतो, त्यात आपला कागद पडतो. एका ठिकाणी तो खोका काठोकाठ भरलेला बघितला. माझा वरचा कागद कुणाच्या पायानं सरकून खाली गेला तो मी उचलून परत ठेवला. तीन आठवड्यांत ४३ गेट झाली, आतून बोलावणं आलं तीन ठिकाणांहून. एकानं ठेकेदाराकडून ९,५०० सांगितले. दुसऱ्याला 'नीम ट्रेनी', म्हणजे सरकारी योजनेतले शिकाऊ, हवे होते: स्टायपेंड, ना पीएफ ना ईएसआयचा कामगार विमा, आणि वय चोविसच्या आतलं बरं. तिसऱ्यानं माझा आधीचा पगार ऐकून पेन खाली ठेवलं. २० सप्टेंबरला कंपन्यांचा कर कमी केल्याची बातमी आली तेव्हा मी एका टपरीवर होतो. टपरीवाला म्हणाला, "आता उद्यापासून भरती बघा." त्याचाही धंदा आमच्याच पाळ्यांवर चालायचा, म्हणून म्हणाला असेल.

याच काळात एका प्लेसमेंटवाल्याला मी १,५०० रुपये दिले. 'रजिस्ट्रेशन फी', दहा दिवसांत कॉल. दहा दिवसांनी त्या गाळ्याला कुलूप. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. नोकरी देणारा कधी पैसे मागत नाही हे मला माहीत होतं, तरी दिले. त्या दिवशी मुलीच्या शाळेतून फीचा निरोप आला होता.

सरकारी नोंदणी मात्र फुकट आहे. महास्वयमच्या पोर्टलवर आधार आणि मोबाईलवर नाव नोंदवता येतं, जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातही मदत करतात. मी नोंदवलं आणि नोव्हेंबरात एका रोजगार मेळाव्याला गेलो. तीन तास रांग. माझ्या पुढे एक इंजिनिअर पोरगा होता, मागे दहावी झालेला, आणि टेबलावरची जागा तीच: ऑपरेटर ट्रेनी. फायदा एकच झाला. तिथे भेटलेल्या एकानं सिन्नरकडे बघायला सांगितलं. गाड्यांच्या बाहेरचं काम शोध, म्हणाला. हे आधी सुचायला हवं होतं. मी दोन महिने त्याच बुडत्या धंद्याची दारं वाजवत होतो.

आता पीएफ. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. तेव्हा नोकरी सुटून एक महिना झाला की शिल्लक रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत काढता यायचं, दोन महिन्यांनी उरलेलंही. ही सोय डिसेंबर २०१८ मध्ये आलेली. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, चालू असेल, आधार-पॅन-बँक जोडलेलं असेल, तर घरबसल्या होतं. माझं होईना. कारण माझं नाव. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत दहा प्रकारे लिहितात. आधारवर मी 'डी-एन-वाय' आणि आठ वर्षांपूर्वी कंपनीच्या क्लार्कनं भरलेल्या फॉर्मात 'जी-वाय'. कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळी माणसं. दुरुस्तीची विनंती ऑनलाइन टाकता यायची, पण तेव्हा कंपनीनं ती मंजूर करावी लागायची. म्हणजे ज्यांच्याशी भांडण, त्यांच्याच दारात. नोकरी सोडल्याची तारीखही तेव्हा त्यांनीच भरायची, ती भरलेली नव्हती.

पाच फेऱ्या झाल्या. दिवाळी २७ ऑक्टोबरची, त्याच्या आदल्या आठवड्यात क्लार्क सुट्टीवर. त्याच आठवड्यात विधानसभेचं मतदान, मग निकाल, मग सरकार कुणाचं याचा घोळ. क्लार्क मिटक्या मारत टीव्हीवरचं सांगायचा आणि मी माझ्या 'जी-वाय'वर यायचो. अखेर ५ नोव्हेंबरला मंजूर झालं. फॉर्म ३१ ऑनलाइन भरला आणि १८ तारखेला ५८,००० जमा झाले. सगळे काढले नाहीत. फॉर्म १०-सी, म्हणजे पेन्शनचा भाग, तर अजिबात शिवला नाही. पेन्शनसाठी दहा वर्षं लागतात, माझी आठ झालीत. आत्ता ते थोडे पैसे काढले असते तर मोजणी पुन्हा शून्यावर आली असती. तुमची नोकरी आज सुरू असेल तर एक करा: आज रात्री आधार आणि पीएफमधल्या नावाची स्पेलिंग शेजारी शेजारी ठेवून वाचा. सुरू असताना क्लार्क अर्ध्या तासात करून देतो.

ग्रॅच्युइटी तेव्हाच्या कायद्यात पाच वर्षांनंतर लागू व्हायची. शेवटचा बेसिक (महागाई भत्ता असेल तर तोही) गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. माझा बेसिक ९,१००, म्हणजे ४२,००० बरोबर. फॉर्म 'आय' भरून पोच घेतली. कायद्यात तीस दिवस आहेत, मला एका स्मरणपत्रानंतर डिसेंबरच्या मध्याला मिळाले. पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही.

आणि ईएसआय. पगारातून ईएसआयचे पैसे कापले जायचे, आधी ३०५, जुलै २०१९ मध्ये दर कमी झाल्यावर १३१. मी ते कायम फुकट गेले असं धरायचो, कारण आम्ही कुणी फारसं आजारी पडलो नाही. बेरोजगारीतही त्यातून काही मिळतं हे आमच्या चौदातल्या एकालाही माहीत नव्हतं. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. तेव्हाची अट: दोन वर्षं विमा झालेला हवा, चारही सहामाहींत प्रत्येकी किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. नोकरी जाऊन ९० दिवस झाले की त्या दिवसांसाठी सरासरी रोजच्या पगाराच्या २५ टक्के मिळायचे. आयुष्यात एकदाच. गैरवर्तनामुळे काढलेल्याला, निवृत्ताला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला मिळायचे नाहीत. इथे पुन्हा तो शब्द आला. आमच्यातला एक मित्र, सही केलेला, माझ्याबरोबर फॉर्म वाचायला बसला होता. वाचता वाचता गप्प झाला. चहा न घेता उठून गेला.

माझे ९० दिवस २८ नोव्हेंबरला भरले. शिवाजी पार्कवर नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी चालला होता तेव्हा मी कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजत होतो. २९ ला सकाळी ईएसआयच्या संकेतस्थळावर अर्ज भरला, एबी-१ ते एबी-४ हे फॉर्म छापून घेतले. प्रतिज्ञापत्र वीस रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करा असं लिहिलेलं. सीबीएस बस स्टँडजवळ कोर्टाच्या बाहेर स्टॅम्प व्हेंडर हसला, "वीसचा कुठला, शंभरचा घ्या." शंभर तो, दीडशे नोटरी, झेरॉक्स आणि फोटो मिळून ६०, टायपिंगचे ८०. एकूण ३९० रुपये. कंपनीची सही-शिक्का असलेला भागही जोडायचा असतो, तो मी ग्रॅच्युइटीच्या फेरीतच घेऊन ठेवला होता. ३ डिसेंबरला ईएसआयच्या ऑफिसात सगळं जमा केलं. खिडकीवरच्या बाईंनी सेवा समाप्तीचं पत्र वाचलं, कपातीची ओळ पेन्सिलीनं अधोरेखित केली आणि म्हणाल्या, "हे बरं केलंत." पासबुकची झेरॉक्स पुसट होती, ती तेवढी बदलून आणायला सांगितली.

आणि हो, २९ च्याच संध्याकाळी पुढच्या तिमाहीच्या विकासदराचा आकडा आला: साडेचार टक्के. मी पाचवर निघालो आणि साडेचारवर अर्ज केला.

९ जानेवारीला बँकेचा मेसेज आला, १२,८७० रुपये. दिवसाला १४३. त्यात घर चालत नाही, कांदा शंभराच्या वर गेलेल्या त्या हिवाळ्यात तर नाहीच. पण पाच महिन्यांत मला कुणीतरी स्वतःहून पैसे पाठवल्यासारखं वाटलं. बायकोनं त्यातून मुलीची फी भरली. तिचं साड्यांना फॉल-पिकोचं काम या सगळ्या काळात दुप्पट चाललं होतं, हे इथं लिहायलाच हवं. महिन्याचा घरखर्च १३ हजारांवर आणला तो तिनं. मी फक्त फॉर्म भरले.

जानेवारीत दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये रोजावर लागलो, ३५० रुपये. अवकाळी पावसानं हंगाम लांबलेला, बागा गेलेल्या, पण जे वाचलं त्याची निर्यात सुरू झाली होती. मला क्रेट उचलायला घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी बघतो तर एक पोरगा मण्याचा आकार मोजायला रिंग घेऊन बसलेला. सोळा मिलिमीटरची रिंग. मणी त्यातून पडला की बाजूला. मी आठ वर्षं हेच करत होतो, फक्त पत्र्यावर. मुकादमाला म्हटलं, मला द्या. त्यानं दिली. हाताला मण्याची पावडर लागते तेवढा फरक. ती पुसली जाऊ द्यायची नाही, पत्र्याला तसं काही नसतं. शेजारच्या बायका कात्रीनं घड साफ करता करता गाणी म्हणायच्या आणि माझ्या रिंगेला हसायच्या. "भाऊ, द्राक्षाला एवढं काय बघता, सोयरीक करायचीय का?" सप्टेंबरनंतर मी पहिल्यांदा तिथे मोठ्यानं हसलो.

२५ जानेवारीला सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतून बोलावणं आलं. पंपाचे भाग बनवणारी लहान कंपनी. मालक स्वतः बसलेले. "अंबडहून का काढलं?" मी पत्र पुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि एकही जादा प्रश्न विचारला नाही. मग ड्रॉवरमधून एक मायक्रोमीटर आणि एक शाफ्ट काढून दिला, "मोजा." मी शाफ्ट बाजूला ठेवला, मायक्रोमीटर आधी नुसताच मिटवला. रेघ शून्यावर बसत नव्हती. "साहेब, हा वीस मायक्रॉन जास्त दाखवतोय." ते म्हणाले, "माहितीय. सकाळपासून सहा जण आले, सहाही जणांनी सरळ शाफ्टच मोजला." पगार १४,५००. आधीपेक्षा २,९०० कमी. मी घासाघीस केली नाही. करायला हवी होती असं बायको म्हणते.

३ फेब्रुवारीपासून जातोय. एकूण १५६ दिवस पक्क्या नोकरीशिवाय होतो. मोहदरी घाटातून सकाळी गाडीवर फार थंडी वाजते, कानटोपी आणि आत वर्तमानपत्र हा जुना उपाय अजून चालतो. सहा महिने प्रोबेशन आहे. पहिल्याच आठवड्यात पीएफचा फॉर्म भरताना माझं स्पेलिंग मी क्लार्ककडून तीनदा वाचून घेतलं, तो वैतागला. जुना यूएएनच दिला, नवा काढू दिला नाही.

भरपाईचे ६९,६०० मात्र अजून आलेले नाहीत. त्याचा अर्ज मी आणि बाकी चौघांनी मिळून कामगार कार्यालयात दिलाय. दोन तारखा झाल्या, एकीला कंपनीकडून कुणी आलंच नाही. पुढची तारीख २६ मार्च २०२०ला आहे, गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. प्रोबेशनवर असताना रजा कशी मागायची, एवढं उद्या मालकांना विचारायचंय.